वॉकी-टॉकीच्या बॅटरीची परीक्षा

बैल विकत घेतांना त्याचें रूप, शिंगें व दांत पाहून कोणीही जाणता शेतकरी थांबत नाहीं. तो त्यास जुंपून पाहतो. बियाणें उगवेल कीं नाहीं हें तो दाण्याच्या तजेल्यावरून ठरवीत नाहीं. शंभर दाणे ओल्या गोणपाटांत घालून किती उगवले तें मोजतो. परंतु अलीकडे शेतावर आलेल्या एका उपयुक्त साधनाच्या बाबतींत मात्र आपण केवळ रूप पाहून समाधान मानतों. तें साधन म्हणजे हातांत धरून बोलावयाचें बिनतारी यंत्र, अर्थात् वॉकी-टॉकी; आणि ज्याची परीक्षा राहून जाते तो त्याचा प्राण, म्हणजे पुन्हां पुन्हां भरतां येणारी बॅटरी. ही परीक्षा अल्प खर्चांत व घरच्या घरीं कशी करावी, हें या लेखांत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

यंत्राची गरज व त्याची खोड

मोबाईल घरोघर झाला असतां या यंत्राची गरज काय, असें कोणी विचारील. सह्याद्रीच्या खोऱ्यांत अनेक ठिकाणीं मोबाईलची लहर पोंचत नाहीं. शिवाय वॉकी-टॉकीची कळ दाबतांच एका माणसाचा शब्द सर्व यंत्रांवर एकदम ऐकूं जातो. नदीकांठचा पंप, मधली वांकणें आणि शेवटचें पाट यांवर उभ्या असलेल्या तिघांस एकमेकांशीं बोलावयाचें असतां याहून सोईचें साधन नाहीं. जुन्नर तालुक्यासारख्या भागांत, जेथें उंसाच्या फडांत बिबट्याचा वावर असतो, तेथें रात्रीं पाणी धरणाऱ्यास हें यंत्र म्हणजे मोठा आधार होय. २०१९ च्या ऑगस्टमध्यें कृष्णा व पंचगंगा या नद्यांस आलेल्या महापुरांत अनेक गांवांची वीज बंद पडली होती. अशा प्रसंगीं बॅटरीवर चालणाऱ्या साधनाचें महत्त्व वेगळें सांगावयास नको.

येथें एक गोष्ट नमूद करणें अवश्य आहे. आपल्या देशांत अशा यंत्रास सामान्यतः सरकारी परवाना लागतो. २००५ सालच्या नियमानें ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यांतील, ठरवून दिलेल्या मर्यादेंतील कमी शक्तीच्या यंत्रांस त्यांतून सूट मिळाली. यंत्र घेतांना तें कोणत्या पट्ट्यांतील आहे व मान्यता मिळालेलें आहे कीं नाहीं, याची खात्री करून घ्यावी.

आतां यंत्राची खोड पाहूं. बॅटरी अशक्त झाली तरी यंत्र प्रथम दगा देत नाहीं. दिवा लागतो, दुसऱ्याचें बोलणें स्पष्ट ऐकूं येतें; परंतु उत्तर देण्यास कळ दाबली कीं यंत्र टूं टूं करून बंद पडतें. याचें कारण असें कीं, ऐकण्यास थोडा प्रवाह लागतो व बोलण्यास त्याच्या अनेकपट लागतो. पांच वॅट शक्तीच्या एखाद्या यंत्राचें उदाहरण घेतल्यास, नुसतें चालू राहण्यास सुमारें ६० मिलिअँपियर, ऐकण्यास ३०० आणि बोलण्यास १,५०० मिलिअँपियर असा हिशेब धरतां येतो. म्हणजे ज्या क्षणीं माणसास मदत मागावयाची असते, नेमका त्याच क्षणीं बॅटरीवर सर्वांत मोठा भार पडतो. ऐकूं येतें म्हणून बोलतांही येईल, असें मानून चालणारा माणूस फसतो.

बॅटरीचे प्रकार

या यंत्रांत तीन प्रकारच्या बॅटऱ्या आढळतात. पहिली निकेल-कॅडमियमची, हिचा शोध स्वीडनमधील वाल्डेमार युंगनर यांनीं १८९९ सालीं लावला. दुसरी निकेल-मेटल-हायड्राइडची. तिसरी लिथियम-आयनची, ही १९९१ सालीं प्रथम बाजारांत आली व आतां बहुतेक नव्या यंत्रांत तीच असते. पहिल्या दोन प्रकारांत एका सेलचा दाब १.२ व्होल्ट धरतात व सहा सेल जोडून ७.२ व्होल्टची बॅटरी होते. लिथियमच्या एका सेलचा दाब ३.७ व्होल्ट असल्यामुळें दोनच सेलांत ७.४ व्होल्ट होतात. कोणत्या प्रकारची बॅटरी आहे, किती व्होल्टची आहे व किती मिलिअँपियर-तासांची आहे, हें तिच्या पाठीवर छापलेलें असतें. परीक्षेपूर्वीं हे तीन आंकडे वहींत उतरून घ्यावे.

दिवा व मीटर कां फसवितात

चार्जरचा हिरवा दिवा लागला म्हणजे बॅटरी चांगली, असा सार्वत्रिक समज आहे. कांहीं चौकस लोक मीटर लावून दाब पाहतात व ८.३ व्होल्ट भरले म्हणजे निश्चिंत होतात. हे दोन्ही समज चुकीचे आहेत. बॅटरीची तुलना विहिरीशीं केली असतां हें चटकन् ध्यानांत येईल. दाब म्हणजे विहिरींतील पाण्याची पातळी. सांठा म्हणजे विहिरींत मावणारें एकंदर पाणी. गाळानें अर्धी भरलेली विहीरही सकाळीं कांठोकांठ दिसते. परंतु पंप सुरू केल्यावर तासाभरांत तिचा तळ लागतो. जुनी बॅटरी अशीच गाळानें भरलेली विहीर होय. तिच्यांत मावतेंच थोडें, म्हणून ती लौकर भरते व हिरवा दिवाही लौकर दाखविते. तेव्हां जी बॅटरी इतरांहून फार लौकर भरली, तिजविषयीं आनंद न मानतां संशयच धरावा.

विहिरीचें पाणी किती, हें उपसा करूनच कळतें. बॅटरीचेंही तेंच आहे. ती पूर्ण भरून, ठराविक भारावर शेवटपर्यंत रिकामी करून, लागलेला वेळ मोजणें हीच तिची खरी परीक्षा.

परीक्षेची रीत

ही परीक्षा आपोआप करणारीं यंत्रें बाजारांत मिळतात. ज्या संस्थेकडे वीस-पंचवीस वॉकी-टॉकी आहेत, तिनें तसें यंत्र घ्यावें. परंतु दोन-चार यंत्रें बाळगणाऱ्यास रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांत मिळणारा २२ ओहमचा, १० वॅटचा रेझिस्टर, एक डिजिटल मीटर, चार पितळी चिमटे व एक घड्याळ एवढें साहित्य पुरे आहे. ७.४ व्होल्टच्या बॅटरीवर असा रेझिस्टर लावला म्हणजे सुमारें एक तृतीयांश अँपियर प्रवाह वाहतो. १,५०० मिलिअँपियर-तासांची बॅटरी अशा भारावर साडेचार तासांच्या सुमारास रिकामी होते. बॅटरीचा सांठा पांच तासांच्या उपशावर मोजण्याची जी सर्वमान्य पद्धत आहे, तिच्या जवळपास हा भार येतो.

रीत पुढीलप्रमाणें आहे.

१. बॅटरी तिच्या स्वतःच्या चार्जरवर पूर्ण भरावी व नंतर एक तास सावलींत थंड होऊं द्यावी. उन्हाळ्यांत ही परीक्षा सकाळच्या प्रहरीं करावी.

२. बॅटरीचीं टोकें स्वच्छ फडक्यानें पुसावीं. मळलेल्या टोकांमुळें चांगली बॅटरीही वाईट ठरते. पुष्कळ बॅटऱ्यांना भरण्याचीं टोकें निराळीं व यंत्रास प्रवाह देण्याचीं निराळीं असतात. भार यंत्राकडील टोकांसच जोडावा.

३. रेझिस्टर जोडून वेळ लिहावी. मीटर बॅटरीच्या टोकांवरच धरून दर अर्ध्या तासानें दाब लिहीत जावें. दाब ७ व्होल्टखालीं आल्यावर दर पांच मिनिटांनीं पाहावें, कारण शेवटीं तो झपाट्यानें उतरतो.

४. दाब ६ व्होल्टवर येतांच भार काढून वेळ लिहावी. लिथियमच्या सेलास ३ व्होल्ट व निकेलच्या सेलास १ व्होल्ट ही खालची मर्यादा धरतात; त्यामुळें दोन्ही प्रकारच्या बॅटऱ्यांची शेवटची मर्यादा ६ व्होल्टच येते. याखालीं गेल्यास सेल कायमचे बिघडतात. म्हणून भार लावून झोपीं जाऊं नये, किंवा दुसऱ्या कामास निघून जाऊं नये.

रेझिस्टर बराच तापतो. तो कडब्यापासून व कागदापासून दूर, विटेवर किंवा फरशीवर ठेवावा.

हिशेब

लिहिलेल्या दाबांची सरासरी काढून तीस २२ नें भागावें, म्हणजे सरासरी प्रवाह अँपियरमध्यें मिळतो. त्यास लागलेल्या तासांनीं गुणावें, म्हणजे बॅटरीनें प्रत्यक्ष दिलेला सांठा अँपियर-तासांत निघतो. उदाहरणादाखल १,५०० मिलिअँपियर-तासांच्या दोन बॅटऱ्या घेऊं. दोन्ही भरल्यावर मीटरवर ८.३ व्होल्ट दाखवितात, दोन्हींचा दिवा हिरवा आहे.

पहिलीचा सरासरी दाब ७.४ व्होल्ट आला व ती ४ तास २० मिनिटें चालली. ७.४ भागिले २२ म्हणजे ०.३३६ अँपियर, त्यास ४.३३ नें गुणिलें असतां सुमारें १,४५५ मिलिअँपियर-तास होतात, म्हणजे लिहिलेल्या सांठ्याच्या ९७ टक्के.

दुसरीचा सरासरी दाब ७.२ व्होल्ट आला व ती अडीच तासच चालली. ७.२ भागिले २२ म्हणजे ०.३२७ अँपियर, त्यास अडीचनें गुणिलें असतां सुमारें ८१८ मिलिअँपियर-तास, म्हणजे ५५ टक्क्यांहूनही किंचित् कमी. विश्रांतीच्या दाबांत ज्या दोघी जुळ्या बहिणी दिसत होत्या, त्यांपैकीं एक निम्म्यावर आलेली आहे, हें उपशानेंच उघड झालें.

किती टक्क्यांवर बॅटरी काढावी

बॅटरीचा सांठा लिहिलेल्याच्या ८० टक्क्यांखालीं गेला म्हणजे ती जोखमीच्या कामांतून काढावी, असा संकेत आहे. हा आंकडा कोठून येतो तें पाहूं. अशा यंत्रांच्या कामाचा अंदाज बांधतांना शंभरांपैकीं पांच भाग वेळ बोलण्याचा, पांच भाग ऐकण्याचा व नव्वद भाग नुसत्या जागृतीचा धरण्याची वहिवाट आहे. वरील यंत्रास हा हिशेब लावला असतां बोलण्याचे ७५, ऐकण्याचे १५ व जागृतीचे ५४ मिळून सरासरी १४४ मिलिअँपियर होतात. नवी १,५०० ची बॅटरी या दरानें सुमारें साडेदहा तास पुरेल. ८० टक्क्यांची, म्हणजे १,२०० ची, सव्वाआठ तास पुरेल. रात्रींच्या आठ तासांच्या पाळीस ती जेमतेम पार पाडील. त्याखालीं ती पाळीच्या आंतच संपेल.

वरील ८१८ च्या बॅटरीस हाच हिशेब लावा. ती पांच तास चाळीस मिनिटें टिकेल. म्हणजे रात्रीं दहा वाजतां पाण्यावर गेलेल्या माणसाचें यंत्र पहांटे पावणेचारच्या सुमारास मुकें होईल. त्या वेळीं गांवांत सर्व निजलेले असतात, आणि हांक मारण्याचें दुसरें साधन त्याजपाशीं नसतें.

ज्यांचें बोलणें अधिक आहे, त्यांनीं हिशेब त्याप्रमाणें बदलावा. बोलणें व ऐकणें दहा-दहा भाग धरल्यास सरासरी प्रवाह २२८ मिलिअँपियर होतो व १,२०० ची बॅटरी सव्वापांच तासांतच संपते. अशांनीं पाळीबरोबर दुसरी भरलेली बॅटरी खिशांत दिलीच पाहिजे. ८० टक्क्यांखालीं गेलेली बॅटरी लगेच टाकून द्यावयाची असें मात्र नाहीं. दिवसाच्या वेळीं, चार्जरच्या जवळपास चालणाऱ्या कामास ती लावतां येते. तिजवर ठळक खूण करावी, म्हणजे ती चुकून रात्रपाळीस जाणार नाहीं.

आंतील रोध

सांठा पुरेसा असूनही कळ दाबतांच यंत्र बंद पडत असेल, तर दोष आंतील रोधाचा असतो. विहिरींत पाणी आहे, पण पंपाची फुटबॉल कचऱ्यानें तुंबली आहे, अशांतला हा प्रकार. त्याची परीक्षा सोपी आहे. २२ ओहमच्या भारावर बॅटरीचा दाब पाहावा. नंतर तो काढून ५ ओहमचा, निदान २० वॅटचा रेझिस्टर पांच सेकंदच लावून पुन्हां दाब पाहावा. दोन्ही वेळचे प्रवाह भागाकारानें काढावे, आणि दाबांतील फरकास प्रवाहांतील फरकानें भागावें.

समजा, लहान भारावर ७.९२ व्होल्ट व मोठ्या भारावर ७.७० व्होल्ट आले. प्रवाह अनुक्रमें ०.३६ व १.५४ अँपियर झाले. ०.२२ भागिले १.१८ म्हणजे रोध ०.१९ ओहमच्या आंतबाहेर. ही बॅटरी सशक्त आहे. दुसऱ्या बॅटरीवर मोठ्या भारानें दाब एकदम ६.९० वर आला, तर प्रवाह १.३८ व रोध १ ओहम होतो. अशी बॅटरी थोडी उतरून ७.३ व्होल्टवर आली कीं बोलण्याच्या दीड अँपियरच्या भारानें तिचा दाब ५.८ वर कोसळेल व यंत्र बंद पडेल. नव्या बॅटरीचा रोध प्रथमच मोजून वहींत लिहावा. तो दुप्पट झाला म्हणजे ती संशयित समजावी, असें आमचें मत आहे.

खरेदींतील फसवणूक

जुन्या बॅटरीइतकीच नव्या बॅटरीचीही परीक्षा अवश्य आहे. बाजारांत पाठीवर मोठे आंकडे छापलेल्या, पण आंतून हलक्या अशा बॅटऱ्या मिळतात. छापलेला आंकडा हा वायदा आहे; मोजलेला आंकडा हाच रोख. आणल्याच्या आठवड्यांतच परीक्षा केली, तर माल परत करण्यास वाव राहतो. निकेलच्या नव्या बॅटऱ्यांस मात्र दोन-तीन वेळां भरून रिकाम्या केल्याशिवाय पूर्ण जोम येत नाहीं. पहिल्याच परीक्षेवरून त्यांस नांव ठेवूं नये.

निगा

निकेल-कॅडमियमची बॅटरी दररोज थोडीशीच वापरून पुन्हां भरली असतां तिचा सांठा कमी झाल्यासारखा होतो. तीस वर सांगितल्याप्रमाणें ६ व्होल्टपर्यंत उतरवून पुन्हां पूर्ण भरावें. दोन-तीन फेऱ्यांत ती बहुधा सुधारते. हा उपाय लिथियमच्या बॅटरीस लागू नाहीं. तीस मुद्दाम रिकामी करण्यानें लाभ तर नाहींच, उलट झीज होते. तिची परीक्षा नेमल्या वेळींच करावी.

उष्णता ही सर्व बॅटऱ्यांची वैरीण आहे. उन्हांत उभ्या असलेल्या जीपच्या कांचेमागें यंत्र ठेवूं नये. उन्हांतून आणलेली तापलेली बॅटरी निवल्याशिवाय भरूं नये. हंगाम संपल्यावर लिथियमची बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवूं नये. निम्म्याच्या सुमारास भरून घरांतील थंड जागीं ठेवावी. निकेलच्या बॅटऱ्या पडून असतां आपोआप उतरतात, तेव्हां कामावर नेण्यापूर्वीं त्या पुन्हां भराव्या. एका प्रकारच्या बॅटरीचा चार्जर दुसऱ्या प्रकारास कधींही लावूं नये.

फुगलेली, चिरलेली किंवा भरतांना असह्य तापणारी बॅटरी परीक्षेस लावूं नये. ती पेट घेण्याचा धोका असतो. निकामी बॅटरी उकिरड्यांत, विहिरींत किंवा बांधावर टाकूं नये, चुलींत तर मुळींच घालूं नये. कॅडमियम हें विष आहे. तें जमिनींतून पिकांत उतरतें. २०२२ सालच्या नियमांनीं जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हां त्या विक्रेत्याकडे किंवा मान्य संकलन केंद्रांत द्याव्या.

नोंदवही

शेवटीं एक सूचना करून हा लेख पुरा करितों. प्रत्येक बॅटरीवर पक्क्या शाईनें अनुक्रमांक व खरेदीचा महिना लिहावा. वहींत प्रत्येकीस एक पान द्यावें व त्यावर परीक्षेची तारीख, मिळालेला सांठा, त्याचे टक्के व आंतील रोध इतकेंच लिहावें. परीक्षा वर्षांतून दोनदां व्हावी: एकदां मृगापूर्वीं, पावसाच्या व पुराच्या दिवसांची तयारी म्हणून, आणि एकदां खंडेनवमीस, जेव्हां आपण सर्व अवजारें पुसून पूजेस मांडतों व उंसाचा गळीत हंगाम तोंडावर आलेला असतो. ज्या बॅटऱ्या रात्रपाळीस रोज जातात, त्यांची दर तीन महिन्यांनीं व्हावी.

अशी वही दोन वर्षें ठेविली म्हणजे कोणत्या दुकानचा माल टिकला व कोणत्याचा नाहीं, हें कोणास विचारण्याची गरज उरणार नाहीं. चांगली बॅटरी केवळ जुनी झाली म्हणून फेंकली जाणार नाहीं, व वाईट बॅटरी केवळ दिवा हिरवा लागतो म्हणून रात्रीं कोणाच्या हातीं दिली जाणार नाहीं. एका बॅटरीच्या परीक्षेस अर्धा दिवस लागतो. अंधारांत पाण्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या हांकेस उत्तर मिळावें, यासाठीं आपल्या सभासदांनीं तेवढा वेळ अवश्य काढावा.